येळवसची बदली माणसं

नांदेड,
९ ऑक्टोबर २०२५

ती. सुकन्याक्कास,
दामिनीचा नमस्कार.

परवा फोन केला होता, पण तुझा कान गेल्यापासून आपण दोघी फोनवर नुसत्या ओरडतो आणि शेजारपाजारची माणसं काय झालं म्हणून दारात येतात. म्हणून आज कागद घेतला. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून माझं असंच आहे. वाचलेलं डोक्यात राहतं आणि लिहून बोललं की नीट बोलता येतं.

बातमी अशी की आपल्या ऑफिसच्या पाटीवर आज एक नवी ओळ आली. वर 'हणमंत नोकरी मार्गदर्शन केंद्र' आहे तसंच आहे, त्याच्या खाली आता 'कंत्राटी कर्मचारी पुरविले जातील'. पेंटरनं विचारलं, "मॅडम, वरचं नाव जुनंच ठेवायचं का? तुमचं टाकू?" मी म्हटलं, वरचं राहू दे बाबा, खाली जागा उरली आहे तेवढी वापर. तो शिडीवरून उतरल्यावर मी रस्ता ओलांडून पाटी वाचली. मग चहाच्या टपरीपासून वाचली. इतका आनंद झाला की पेंटरला दोनदा चहा पाजला.

तुला समजावं म्हणून सांगते. आजवर आमचं काम म्हणजे एकाला माणूस हवा, एकाला नोकरी हवी, दोघांची गाठ घालून द्यायची. माणूस कामावर रुजू झाला की आपला संबंध संपला. हे म्हणायचे, नोकरी लागल्यावर त्यानं आपल्याला विसरलंच पाहिजे, आठवण काढत आला तर समजायचं नोकरी नीट लागली नाही. पण आता लोक मोबाईलवरच नोकरी शोधतात. कंपन्याही म्हणतात, बाई, माणूस नुसता शोधून देऊ नका, तुमच्याच नावावर ठेवा आणि आमच्याकडं कामाला पाठवा. म्हणजे नेमणूकपत्र माझं, पगार माझ्या ऑफिसातून, पीएफ आणि विमा मी बघायचा. एखादा आला नाही तर त्याच्या जागी बदली माणूसही मीच उभा करायचा.

लातूरला एमआयडीसीत पार्सलचं मोठं गोदाम सुरू होतंय. लोकांनी ऑनलाइन मागवलेलं सामान तिथं उतरणार, पत्त्याप्रमाणं वेगळं होणार आणि गाड्यांतून घरोघर जाणार. आतल्या कामाला बावीस माणसं हवीत, तीही तुमच्या लातूरचीच. हैदराबादचे आनंदराज नावाचे साहेब आहेत. मराठी समजतं, बोलताना अडखळतात. डिसेंबरअखेरपर्यंत माझं काम बघणार आणि पसंत पडलं तर वर्षाचा करार.

वरदला सांगितलं. तो पुण्याहून म्हणाला, "आई, नवीन वर्षापर्यंत करून बघ. नाही जमलं तर शटर ओढायचं आणि इकडं यायचं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. एकटी किती दिवस राहशील?" मी शब्द दिला आहे. लेक काही वाईट बोलला नाही. सूनही चांगली आहे. पण अक्का, मला सकाळी उठून जायला एक ठिकाण लागतं. या तीन वर्षांत ते ऑफिस होतं म्हणून मी उठले. एवढंच.

दाजींना नमस्कार.

तुझी,
दामिनी

लातूर,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, ते मला ऐकू आलं नाही, म्हणून मी स्वतः वाचलं. मग आत्याबाईंनी काय लिहिलंय म्हणून सासूच्या थाटात विचारलं, त्यांना मी ओरडून सांगितलं. थोडक्यात, तुझं पत्र सगळ्या गल्लीला माहीत आहे.

ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे दामिनी मुकादम झाली?" राग मानू नकोस, माझ्याही मनात तेच आलं होतं. आमच्याकडं माणसं पुरवणारा म्हटलं की ऊसतोडीचा मुकादम डोळ्यापुढं येतो. ट्रकमध्ये माणसं कोंबायची आणि तिकडं काही कमीजास्त झालं की फोन बंद. हणमंतरावांनी जन्मभर सरळ काम केलं. त्यांच्या नावाच्या खाली हे नवीन काय लिहून ठेवलंस, असं वाटलं. वाटलं ते लिहिलं, मनात ठेवलं नाही.

दुसरी गोष्ट. बावीस माणसं म्हणजे बावीस घरं. कुणाचं लग्न निघेल, कुणाचा बाप दवाखान्यात जाईल. आजवर ती कंपनीची डोकेदुखी होती, आता तुझी. तू तर शेजारचं पोर शिंकलं तरी काढा करून नेणारी. तुला हे झेपेल का?

तरी ये. दिवाळीनंतर मुलाखती घ्यायला लातूरला येशीलच. लॉजवर उतरलीस असं कळलं तर तिथं येऊन तंगडं मोडीन. बहीण गावात असताना लॉजवर जायला तू काय मोठी साहेबीण लागून गेलीस का?

ह्यांचा नमस्कार. आत्याबाईंचा आशीर्वाद.

तुझी,
सुकन्याक्का

नांदेड,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सुकन्याक्कास,
नमस्कार.

आठ दिवस तुझ्या घरचं खाऊन आले ते अंगावर दिसतंय. आत्याबाईंना सांग, त्यांनी दिलेली शेंगाची चटणी बसमध्येच निम्मी संपली.

तुझ्याकडं होते तेव्हा सकाळी जायची आणि अंधार पडल्यावर यायची, त्यामुळं धड बोलणंच झालं नाही. मुकादम हा शब्द मी विसरलेली नाही, बरं का. दोन दिवस तो मला भाकरीतल्या खड्यासारखा लागत होता. मग मी ठरवलं की नेमणूकपत्र ऑफिसात बोलावून द्यायचं नाही. बावीसही जणांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. घर कसं आहे, घरात कोण आहे, येण्याजाण्याची सोय काय, सगळं बघून तिथंच पत्र दिलं. एका घरी सरजाबाई म्हणून आजी होत्या. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि नातीला म्हणाल्या, "ही बाई घरी आली म्हंजी नोकरी खरी हाय."

ती नात म्हणजे ऋतुजा. बी. कॉम. झाली आहे, बोलायला तिखट. मुलाखतीत मीच तिला प्रश्न विचारायच्या आधी तिनं मला विचारलं, "मॅडम, पगार कोणत्या तारखेला होईल ते आधी सांगा, मग बाकीचं." तिला तिथल्या सगळ्यांची प्रमुख केलं.

पहिल्या दिवशी सगळे गोदामाच्या दारात उभे होते, निळी जाकिटं घालून. शटर वर गेलं आणि ते आत गेले, तेव्हा माझ्या हातापायांत अशी काही वीज खेळली की काय सांगू. हे होते तेव्हा नोकरी लागलेली माणसं आम्हाला विसरायची. ही माणसं विसरणारी नाहीत. रोज बावीसांपैकी दहा जणांना माझी आठवण येते, बहुतेक तक्रार करायला. पंखा घरघर करतो, पाण्याचा माठ लहान आहे, सुपरवायझर ऋतुजा फार बोलते. मी सगळं ऐकून घेते आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसते.

दामिनी

लातूर,
१ डिसेंबर २०२५

चि. दामिनीस आशीर्वाद.

येळवस, म्हणजे तुमची वेळ अमावास्या, जवळ आली. या वर्षी शुक्रवारी, १९ तारखेला. दर वर्षी बोलावते आणि दर वर्षी तू काहीतरी कारण काढतेस. आधी हणमंतरावांना वेळ नसायचा, नंतर तुला कुठं जावंसं वाटेना. या वर्षी कारण चालणार नाही.

तुम्हा नांदेड शहरातल्या लोकांना येळवस म्हणजे काय ते कळत नाही. तुम्हाला वाटतं, शेतात जेवायला जातात तेच. बाई, आम्हाला दिवाळीपेक्षा मोठी. आदल्या दिवसापासून घरात चूल विझत नाही. हिरव्या तुरीची, वाटाण्याची, वालाची एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. ताकातली अंबील मातीच्या बिंदग्यात घालून डोक्यावरून शेतात न्यायची. तिथं कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपट, करायची, तिच्यात पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. बांधावरून जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हात धरून बसवायचा. कुणी उपाशी पुढं गेला तर आत्याबाई वर्षभर ते काढतात.

नक्की ये. हिरव्या तुरीच्या शेंगा सोलायला एक हात कमी आहे.

सुकन्याक्का

नांदेड,
६ डिसेंबर २०२५

ती. अक्कास नमस्कार.

रागावू नकोस, पण १९ लाच माझी परीक्षा आहे. आनंदराजसाहेब त्या दिवशी हैदराबादहून येऊन सकाळपासून गोदामात थांबणार. कसलातरी मोठा सेल लागलाय, त्यामुळं सामान दुप्पट येणार. सगळं त्याच दिवशी घरोघर पोचलं पाहिजे. ते बघून करार द्यायचा की नाही हे ते ठरवणार. मला सकाळपासून तिथं उभं राहावं लागेल.

मी इतकी खुशीत आहे की काल भाजीत मीठ दोनदा पडलं. माझी पोरं आता हातानं नाही, नजरेनं पार्सलं वेगळी करतात. ऋतुजा फोनवर म्हणाली, "मॅडम, साहेबांना येऊ द्या, त्यांचं तोंड उघडंच राहील." एकदा करार झाला की वरदला मी स्वतःच फोन करणार आहे. काय बोलायचं ते मनात दोनतीनदा बोलूनही झालं.

शेतातलं जेवण पुढच्या वर्षी. माझ्या वाटणीची भज्जी तू खा.

दामिनी

लातूर,
१० डिसेंबर २०२५

दामे,

आशीर्वाद नंतर. आधी हे सांग, तुला वेड लागलंय का?

कुणाची परीक्षा आणि कोण देणार? तुझी बावीसही माणसं लातूरची. येळवसला लातुरात कोण राहतं? त्या दिवशी शहरात कर्फ्यू लागल्यासारखं असतं. भाजीवाला नाही, रिक्षा नाही, दुकानं बंद. गल्लीच्या गल्ली कुलूपबंद असते, सगळी दुनिया शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. औसा घे, निलंगा घे, उदगीर घे, सगळीकडं हेच. मोठ्या पगाराची माणसं मुंबईहून रजा टाकून येतात आणि तुझी पोरं इथल्या इथं असून पार्सलं उचलत बसतील?

तुझं पत्र ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "तिला म्हणावं, त्या दिवशी बैलाला पण कामाला लावत नसतेत."

साहेबांना आजच्या आज फोन कर आणि दिवस बदलून घे.

सुकन्याक्का

नांदेड,
१४ डिसेंबर २०२५

ती. अक्का,

तुझं पत्र वाचलं. लगेच ऋतुजाला फोन लावला.

"ऋतुजा, १९ ला कोण कोण रजेवर आहे?"

"कुणीच नाही मॅडम."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती म्हणाली, "रजा कशाला टाकायची? येळवस हाय की. गोदाम बंदच असंल."

"बंद आहे असं कुणी सांगितलं?"

"ते कुणी कशाला सांगंल, मॅडम? रविवार हाय असं कुणी सांगतं का?"

घ्या. त्यांना वाटलं सगळ्यांना माहीतच आहे. हैदराबादच्या साहेबांना माहीत नाही. आणि मला माहीत असून मी तुझ्या पत्रातल्या पोळ्याच तेवढ्या वाचल्या.

मी ऋतुजाला सगळं सांगितलं, करारावर पाणी पडेल हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणलात तर मी एकटी येते. पण बाकीच्यांना या म्हणून मी म्हणणार न्हाई. माझ्या आज्जीचा सुदिक तोच सण हाय." मी म्हणाले, तूही येऊ नकोस. 'आला नाहीस तर परत येऊ नकोस' असं म्हणणं माझ्या हातात होतं, अक्का. तसं म्हणणाऱ्याला तुम्ही काय म्हणता ते तूच मला लिहून कळवलं आहेस.

पण घाबरू नकोस, मी उपाय काढला. बदली माणूस देणं हाच तर माझा धंदा. नांदेडकडं येळवस नाही. इकडचे बावीस जण गोळा केले, अर्धापूरचे, मुदखेडचे आणि काही शहरातले. अर्धापूरचा हरिओम केळीच्या पेट्या भरण्यात असा तरबेज आहे की पार्सलं त्याला खेळणी वाटतील. एक मोठी गाडी ठरवली. पहाटे निघायचं, आठला लातूर. साहेबांना काही बोलले नाही. त्यांना माणसं हवीत, माणसं मिळतील. कुठली का असेनात!

कशी आहे तुझी बहीण?

दामिनी

नांदेड,
२२ डिसेंबर २०२५

ती. अक्कास नमस्कार.

शुक्रवारी तुझ्या शेतात मी उतरले तेव्हा माझा अवतार बघून तू काही विचारलं नाहीस, नुसता तांब्या पुढं केलास. तुला निम्मी गोष्ट ठाऊक आहे. आधीची निम्मी आता ऐक.

पहाटे वेळेवर निघालो. मी पुढं बसले होते. मागं पोरं गाणी म्हणत होती आणि मला वाटत होतं, जगात माझ्याएवढी हुशार बाई नाही. लोहा मागं पडलं आणि गाडी थांबली. पुढं बैलगाड्या, टेम्पो, घोडे, गाढवं, माणसंच माणसं. माळेगावची यात्रा! खंडोबाची यात्रा येळवसच्या आदल्या दिवशी सुरू होते हे नांदेडच्या पोरासोरांना माहीत आहे आणि ती लातूरच्या रस्त्यावरच भरते हेही. तुझ्या सणाचा विचार करता करता मी माझ्या घरची यात्रा विसरले.

हरिओम उठून उभा राहिला. "मॅडम, देवाच्या दारातून गाडी नेऊन राहिल्या आणि हात जोडायला उतरू देत नाही? असं कुठं असतंय?"

"अरे, साहेब वाट बघतील."

"गाडी तर हालून नाही राहिली. बसून तरी काय करावं?"

खरंच हलत नव्हती. सगळे उतरले. मी एकटीच गाडीत बसून राहिले. आम्ही दोघं दर वर्षी यायचो इथं. तीन वर्षांत मी या रस्त्यानं गेले की डोळे मिटून घेते. पोरं परतली ती कपाळं पिवळी करून, यळकोट यळकोट ओरडत. हरिओमच्या मुठीत भंडारा होता. माझ्याकडं बघून तो अडखळला. मग म्हणाला, "मॅडम, लावू?" मी कपाळ पुढं केलं. त्यानं हात आखडता घेतला नाही. केस, मान, साडी, सगळं पिवळं झालं. पुढची वाट मोकळी झाली आणि गाडी निघाली. मग मागून कुणीतरी पुन्हा गाणं धरलं.

लातूरला पोचायला अकरा वाजून गेले. शटरसमोर आनंदराजसाहेब एकटे मिनिटं मोजत उभे, हातात घड्याळ नाही एवढंच. गाडीतून बावीस पिवळी कपाळं उतरली. साहेब म्हणाले, "मॅडम, हे आपले लोक नाही."

"आजच्या दिवस हेच आपले, साहेब."

पण काय काम केलं पोरांनी! जेवायची सुटीसुद्धा घेतली नाही. हरिओम पत्ता वाचायचा आणि पार्सल हवेतून बरोबर त्या ढिगावर. दुपारपर्यंत गोदाम रिकामं, गाड्या भरून रवाना. गाड्यांचे ड्रायव्हर हैदराबादचेच होते. साहेबांनी पहिल्यांदा हसून माझ्याकडं बघितलं. मी मनातल्या मनात वरदला फोनसुद्धा लावला.

तासाभरात पहिली गाडी परत आली. भरलेली. ड्रायव्हर म्हणाला, "साब, सब घर को ताला है." मागोमाग दुसरी. तीही भरलेली. "पूरे गल्ली में एक कुत्ता दिखा, साब."

तू लिहिलं होतंस, अक्का. गल्लीच्या गल्ली कुलूपबंद असते असं स्वच्छ लिहिलं होतंस. उचलणारी माणसं मी आणली. घेणारी कुठून आणणार?

साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहीत होता?"

खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, "आपली माणसं येणार नाहीत हे माहीत होतं आणि तुमच्यापासून लपवलं. घरंही बंद असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही." ते एका खोक्यावर बसले. मी दुसऱ्या खोक्यावर बसले. वरदच्या पुण्यातल्या घरातली माझी खोली डोळ्यांपुढं आली, खिडकीतून समोरच्या इमारतीची दुसरी खिडकी दिसते ती.

तेवढ्यात गोदामाचा फोन वाजला. एक बाई होती. "माझी साडी आज येनार हुती की वो? घरी कशाला जाताव? आमी समदे शेतात हाव. हिकडंच आना, आन् जेवून जावा."

मी ताडकन उठले. साहेब दचकले. ऋतुजाला फोन लावला. ती शेतातच होती, मागं गलका. म्हटलं, "ऋतुजा, सुटीच्या दिवशी त्रास देते. लोक कुणाकुणाच्या शेतात असतील ते तुला कळेल का?" ती ओरडली, "मॅडम, आपली बावीस जणं बावीस शिवारांत हायत. तुम्ही पार्सलं घेऊन निघा, रस्ता आम्ही सांगतो!" मग काय विचारतेस! एकेका गाडीत नांदेडचं एकेक पोरगं आणि त्याच्या कानाला फोनवर लातूरचं एकेक पोरगं. 'बाभळीच्या पुढं दुसरी कोप', 'विहिरीवर लाल टॅक्टर दिसंल तिथं वळा.' दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही आणि शिव्या मात्र सख्ख्या भावासारख्या.

चौथ्या गाडीत मी आणि साहेब. ती तुमच्या बांधावर अडकली. पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं.

निम्मीच पार्सलं पोचली. प्रत्येक बांधावर जेवल्याशिवाय सोडत नव्हते, त्याला मी काय करू? संध्याकाळी हरिओम म्हणाला, "मॅडम, सात ठिकाणी जेवलो. आता मला पण पार्सल करून घरी पाठवा." जाताना साहेब एवढंच म्हणाले, "मी कळवतो." त्यांचा चेहरा वाचता आला नाही. नवीन वर्षाला दहा दिवस उरलेत.

दामिनी

लातूर,
२७ डिसेंबर २०२५

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

तू गाडीतून उतरलीस तेव्हा आत्याबाई मला म्हणाल्या, "ही कोण गं जेजुरीची मुरळी आली?" मी म्हटलं, आत्याबाई, ही आपली दामिनी. तर म्हणाल्या, "मंग चांगलं झालं. लई दिसानं तिच्या अंगावर रंग दिसला." तुला तेव्हा सांगितलं नाही, तू पत्ते शोधायच्या घाईत होतीस.

आता माझी निम्मी गोष्ट. तू गाडीमागं ह्यांच्याशी हातवारे करत होतीस तेव्हा साहेब कोपीजवळ उभे राहून 'नको नको' म्हणत होते. आत्याबाईंनी मनगट धरलं आणि कडब्यावर बसवलं. अंबील दिली. त्यांनी घाबरत घोट घेतला. मग तांब्या रिकामा. भज्जी तीनदा घेतली. मला काहीतरी म्हणाले, ऐकू आलं नाही, मी आणखी एक उंडा वाढला. नंतर कळलं की ते पुरे म्हणत होते.

मग त्यांनी फोन काढला आणि तेलुगूत बोलायला लागले. त्यांना वाटलं इथं कुणाला कळणार? आत्याबाईंचं माहेर तेलंगणाच्या सीमेवरचं, त्यांना तेलुगू येतं हे साहेबांना कोण सांगणार! म्हातारी मान खाली घालून शेंगा सोलत सगळं ऐकत होती. घरी आल्यावर आम्हाला सांगितलं. साहेब वरच्या कुणालातरी सांगत होते, "काम निम्मंच झालं. चूक बाईंची आहे, माझीही आहे, मी दिवस न विचारता ठरवला. पण असल्या दिवशी माणसं पुरवणारा फोन बंद करून बसतो. ही बाई चूक कबूल करून स्वतः गाडीत बसली आहे आणि शेतं हिंडते आहे." समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही. पण साहेबांचा चेहरा उतरला, असं आत्याबाई म्हणतात. मला वाटतं करार गेला, दामे. तुला अंधारात ठेवत नाही.

गेला तर जाऊ दे. आत्याबाईंनी तुझ्यासाठी एक निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहिते. "दामिनीला म्हणावं, त्या दिवशी मी मुकादम म्हणले ते वापस घेतलं."

पुण्याला जायचंच असेल तर आधी इकडं येऊन जा.

सुकन्याक्का

नांदेड,
७ जानेवारी २०२६

ती. सुकन्याक्कास,
दामिनीचा नमस्कार.

करार झाला! वर्षभराचा! हे पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहायचं असं मी ठरवलं होतं, तरी 'नमस्कार' आधी आलाच.

३१ तारखेला दुपारी साहेबांचा फोन आला. मी पाणी पीत होते, ते सांडलं. म्हणाले, वरच्यांनी आधी नाही म्हटलं होतं. मग साहेबांनीच त्यांना समजावलं की नवा ठेकेदार आणला तरी पुढच्या वर्षी येळवस येणारच, आणि त्याला ती माहीतही नसेल. वरच्यांची अट अशी की लातूरला माझ्या वतीनं एक कायमचा माणूस बसला पाहिजे. मी म्हटलं, माणूस नाही, ऋतुजा बसेल. माझीही अट होती. येळवसला लातूरचं गोदाम बंद, हे करारात लिहून हवं. ते म्हणाले, "मॅडम, ते मी आधीच लिहिला. आणि माझा नाव पण लिहा, मी शेतात येणार." आत्याबाईंना सांग, पण तेलुगूचं गुपित फोडू नका. मार्चपासून नांदेडलाही गोदाम निघतंय. तिथली माणसं कुठल्या दिवशी येणार नाहीत ते मी साहेबांना आधीच सांगून ठेवलं. माळेगाव सगळ्यात वर.

ऋतुजाला कळवलं तेव्हा तिनं आधी आजीला ओरडून सांगितलं. मग विचारलं, "मॅडम, माझा पगार कोणत्या तारखेला?"

घरी जाऊन यांना सांगायचं राहिलं आहे असं दिवसभर वाटत राहिलं. असं अजून होतं. बातमी चांगली असली की जास्त होतं. आमच्या धंद्यात सगळ्यांच्या जागी कुणीतरी देता येतं, अक्का. एक जागा तशीच ठेवून कामाला लागायचं, हे मी आता शिकले आहे.

शनिवारी वरद गाडी घेऊन आला होता. डिकी रिकामी ठेवून आला होता, माझं सामान न्यायला. मी त्याला फोनवर काही सांगितलंच नव्हतं, म्हटलं येऊन बघू दे. तो ऑफिसात बसला आणि दोन तास नुसता बघत राहिला. मुदखेडच्या दोघी नांदेडच्या गोदामात काम मिळेल का विचारायला आल्या, हरिओम भावाला घेऊन आला, लातूरहून तीन वेळा पंख्याची तक्रार आली. शेवटी वरदच उठून सगळ्यांसाठी चहा सांगायला गेला. परत येऊन म्हणाला, "आई, तुला पुण्याला न्यायचं म्हणजे आता मोर्चा निघेल." मग म्हणाला, "पण कधीतरी येशील की नाही? चार दिवस तरी?"

मी म्हटलं, "येईन की. माझ्या जागी बदली माणूस मिळू दे."

"तो कोण देणार?"

"मीच. म्हणून तर उशीर लागतोय."

तो इतका हसला की बाहेर बसलेल्या बायकाही हसायला लागल्या. जाताना त्याच्या रिकाम्या डिकीत मी अर्धापूरच्या केळ्यांचा एक घड टाकला.

आता थांबते. मुलाखतीला आलेली एक मुलगी केव्हाची दारातून डोकावून राहिली आहे.

तुझी,
दामिनी